गवसणी

गाणे ऐकण्यासाठी दूरवर जाणे हे आमच्याकडचे जुने व्यसन आहे. चुडावा म्हणजे पूर्णा आणि नांदेड यांच्या मधले एक लहान स्टेशन. इथे भजन आहे, भारूड आहे, सप्ताह आहेत. पण ज्याला मैफलीचे गाणे म्हणतात ते ऐकायचे तर गाव सोडावेच लागते. म्हणून आम्ही तिघेचौघे दर हिवाळ्यात कुणाची तरी मोटार घेऊन निघतो. बहुतेक वेळा पुण्याला, सवाई गंधर्व महोत्सवाला. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला तो उत्सव आमच्यासारख्यांची वारीच आहे. त्या रस्त्याला सरहद्द नाही. टोलनाके मात्र आहेत, आणि त्या नाक्यांना आता आपले तोंडही नको असते. काचेवर चिकटवलेली पट्टी यंत्र वाचते, पैसे कापून घेते आणि आडवा दांडा वर जातो. तिथे खरे बोलायचा प्रश्न येत नाही, खोटे बोलायचाही येत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही गोव्याला गेलो, आणि तिथून परतताना हा प्रश्न आला. तो अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

केसरबाई केरकरांच्या नावाने गोव्याची कला अकादमी संगीत समारोह भरवते, त्याला आम्ही गेलो होतो. केसरबाई गोव्यातल्या केरी गावच्या. त्यांच्या भैरवीची एक ध्वनिमुद्रिका १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर आकाशात पाठवली, हे पुष्कळांना ठाऊक असते. ‘जात कहाँ हो’ ही ती चीज. ती घेऊन गेलेले एक यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावाची हद्दही ओलांडून गेले. गंमत अशी की नाक्यावरचा शिपाई जो प्रश्न सगळ्या जगाला विचारतो तोच विचारीत ते गाणे चालले आहे, आणि त्याला उलट विचारणारा तिथे कुणी नाही. आम्हांला होता.

जाताना परभणी, बार्शी, पंढरपूर करीत मिरजेला थांबलो. आमच्यातला एक जण थोडे गातो. मित्रच तो, नाव कशाला हवे? त्याचा तंबोरा जवारी काढायला मिरजेला दिलेला होता, तो घेतला. मागच्या बैठकीवर आडवा ठेवला, जाड गवसणीत नीट बांधून. पुढे कोल्हापूर, आंबोली, सावंतवाडी. दोन दिवस गाणे ऐकले. परतीच्या सकाळी पेट्रोल भरायला थांबलो असताना मित्राने गवसणीची नाडी सोडली, भोपळा आणि दांडी जिथे मिळतात त्या खोबणीशी काजूच्या फेणीच्या दोन बाटल्या कापडात गुंडाळून ठेवल्या आणि नाडी पुन्हा आवळली. मी पाहिले. त्यानेही पाहिले की मी पाहिले. “एक वडलांच्या गुडघ्याला चोळायला,” तो म्हणाला. दुसरी कशाला, हे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

इथे कायदा काय आहे ते सांगून टाकतो. १ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा कर आला आणि राज्याराज्यांच्या वेशीवरची मालाची तपासणी बरीचशी उठली. पण पिण्याची दारू त्या कराच्या बाहेर ठेवलेली आहे. तिच्यावर कर बसवण्याचा हक्क ज्या त्या राज्याचा. गोव्यात तो हलका, आपल्याकडे जड. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदीचा अधिनियम अजून चालू आहे आणि गोव्याची दारू परवान्यावाचून इकडे आणणे हा गुन्हा आहे. बाकी सगळ्या मालाला जिथून मोकळी वाट झाली तिथे बाटलीपुरती सरहद्द उरली, ती अशी.

नाक्यावर रांग होती. आमच्या पुढच्या दोन गाड्या गेल्या. मग एक पन्नाशीचा माणूस खिडकीशी आला आणि वाकून म्हणाला, “कुठून आलात?”

उत्तर द्यायला इतरांनी मलाच पुढे बसवले होते. मास्तर माणूस, अंगात सदरा, डोळ्यांवर चष्मा. मी म्हणालो, “गोव्याला गाण्याला गेलो होतो. शास्त्रीय गाणं. आम्ही परभणीकडचे. मी शिक्षक आहे.”

“मागं काय?”

“तंबोरा.”

त्याने मागचे दार उघडले. गवसणीवरून हात फिरवला. मग तो हात त्याने स्वतःच्या कपाळाला लावला. “वाद्य आहे, गुरुजी,” तो म्हणाला, “पायाशी नका ठेवू, वर घ्या जरा.” त्याने स्वतःच तंबोरा उचलून बैठकीवर सरळ केला, दार हळूच लावले आणि आम्हांला हात केला.

थोडे पुढे गेल्यावर चहासाठी थांबलो. तिथून नाका दिसत होता. आमच्या मागून आलेल्या गाडीतली चार पोरे खाली उतरवली होती. किनाऱ्यावरच्या कुठल्याशा नाचगाण्याहून ती परत निघाली होती. केस रंगवलेले, एकाच्या पायांत चपलाही नव्हत्या. त्यांचे सगळे सामान रस्त्यावर ओतलेले : ओले कपडे, काजूची पाकिटे, गाणे वाजवायचा एक डबा. डब्याचे झाकणसुद्धा उघडून पाहिले. काही निघाले नाही. त्यांतला एक पोरगा मग आमच्याच टपरीवर आला आणि पाण्याची बाटली घेता घेता टपरीवाल्याला सांगू लागला, “मी म्हटलं, साहेब, आम्ही पण गाण्यालाच गेलो होतो. तर हसले.”

माझ्या हातात चहा होता.

मी एकही शब्द खोटा बोललो नव्हतो. गाण्याला गेलो होतो हे खरे, शिक्षक आहे हे खरे, मागे तंबोरा आहे हेही खरेच. त्या पोरांनीही खरेच सांगितले. दोन्ही गाड्यांनी एकच वाक्य म्हटले. एकाला नमस्कार मिळाला आणि दुसऱ्याला हसू. आणि ज्याच्या गाडीत काही नव्हते त्याचे सामान रस्त्यावर पडले.

आपल्या भाषेत अशा खऱ्यासाठी एक जुना शब्दप्रयोग आहे : नरो वा कुंजरो वा. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती आधी मारला, म्हणजे धर्मराजाचे वाक्य अक्षराने खोटे ठरू नये अशी तजवीज अगोदर झाली होती. आणि तरीही त्याचा रथ, जो तोवर जमिनीपासून चार बोटे वर चालत असे, खाली टेकला. मुलांना ही गोष्ट शिकवताना मी आजवर सांगत आलो की धर्मराज हळू आवाजात बोलला हा त्याचा दोष. आता वाटते, आवाज मोठा असता तरी फरक पडला नसता. मी तर चांगला खणखणीत बोललो होतो.

मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही आणि तत्त्वज्ञान मुळातून वाचण्याची माझी पात्रता नाही. पण कांट या जर्मन पंडिताविषयी जे थोडे वाचले त्यातल्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. मित्राच्या पाठीवर आलेला खुनी दारात उभा राहून ‘तो आत आहे का’ असे विचारू लागला तरी खोटे बोलू नये, असे त्याने १७९७ साली लिहिले. इतका कडक माणूस. पण त्याआधी तीन वर्षे प्रशियाच्या राजाने त्याला धर्माविषयी लिहू नकोस अशी तंबी दिली होती, तेव्हा त्याने उत्तर पाठवले की महाराजांचा एकनिष्ठ प्रजाजन या नात्याने मी यापुढे लिहिणार नाही. राजा १७९७ साली वारला आणि कांटने लेखणी उचलली. त्या ‘महाराजांचा’ या शब्दात वचनाची मुदत आपण जाणूनबुजून घालून ठेवली होती, हे पुढे त्याने स्वतःच सांगितले. म्हणजे खोटे वर्ज्य, पण ऐकणाऱ्याचा गैरसमज होईल असे खरे चालेल. मला हे वाचून प्रथम धीर आला. नंतर लक्षात आले की कांटपुढे राजा होता, त्याच्या लिहिण्यावर बंदी घालणारा. माझ्यापुढे तंबोऱ्याला नमस्कार करणारा एक नोकरदार माणूस होता.

नाका कुणाचा आहे यावर खरे-खोटे ठरते काय? आमच्या भागात या प्रश्नाला इतिहास आहे. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचे टपाल निराळे, नाणे निराळे – सात हाली रुपये म्हणजे इंग्रजी सहा – आणि मालावरची जकातही निराळी. तिला करोडगिरी म्हणत. मनमाडकडे जाताना रोटेगावच्या पुढे एक राज्य संपून दुसरे लागे. उत्तरेला पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड. कापडाची घडी, साखरेची पुडी, सगळ्याचा हिशेब द्यावा लागे. ऑगस्ट १९४७ मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा सुरू झाल्यावर सरहद्दीवरच्या अशा कित्येक करोडगिरी नाक्यांवर हल्ले झाले ते उगीच नव्हे. लोकांना राज्य भेटत असे ते तिथेच.

माझे आजोबा भजनात पखवाज वाजवीत. पैनगंगेपलीकडे उमरखेडला लढ्याचे केंद्र होते. त्या वर्षी कार्तिकात भजनी मंडळ त्या बाजूला सप्ताहाला गेले आणि परतताना पखवाजाच्या खोडात पत्रके भरून आणली, अशी आमच्या घरची गोष्ट. एका बाजूची वादी सैल करून पान उतरवायचे, आत कागद घालायचे, पुन्हा ताणून बांधायचे. नाक्यावरच्या शिपायाने विचारले, काय आहे? आजोबा म्हणाले, भजनाचा पखवाज. शिपाई म्हणाला, वाजवा. आजोबांनी थाप मारली. आत कागद असल्यावर धुमा कसला बोलतो! गोणीवर हात मारल्यासारखा आवाज आला. मंडळी गार झाली. शिपायाने घटकाभर पखवाजाकडे पाहिले आणि म्हणाला, “म्हाराज, आटा सूक गया. पानी लगाव, फिर बजता.” आणि जाऊ दिले.

ही गोष्ट मी आजोबांच्या तोंडून तीनदा ऐकली आणि तिन्ही वेळा शिपायाचे वाक्य थोडे निराळे होते. कादंबरी लिहिणाऱ्याला हे चटकन कळते. गोष्ट सांगता सांगता गुळगुळीत होत जाते. पण एक गोष्ट तिन्ही वेळा सारखी होती. आजोबा शेवटी म्हणत, “त्याला कळलं होतं.” कळले नसते तर आपण शिपायाला फसवले असे त्यांना सांगता आले असते, आणि ते अधिक शौर्याचे दिसले असते. तसे ते कधी म्हणाले नाहीत. ती मेहेरबानी त्यांनी त्याच्या खात्यावर ठेवली.

आमच्या गावात अजूनही शेजाऱ्याच्या रानातले कणीस तोडले तर चोरी, आणि सरकारचे चुकवले तर हुशारी, असे मानतात. शहाण्या, देवभक्त माणसांचेही हेच मत असते. हे आले कुठून? मला वाटते, ते त्या नाक्यांवरून आले. परक्याच्या, जुलमी राज्याच्या नाक्यावर लपवणे हा काही पिढ्यांचा धर्म होता. १९४८ च्या सप्टेंबरात ते राज्य गेले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. लपवण्याचे कारण गेले. लपवण्याची कला मात्र वतनासारखी घराघरांत राहिली. मित्राने गवसणीची नाडी ज्या सफाईने आवळली ती पाहून मला पखवाजाची वादीच आठवली होती, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी थोडी मौजही वाटली होती. हे लपवले तर बाकी लिहिण्यात अर्थ नाही.

पण आजोबा सापडले असते तर मार त्यांच्या पाठीवर बसला असता. मी सापडलो असतो तर काय झाले असते? बाटल्या गेल्या असत्या, दंड झाला असता, थोडी शोभा झाली असती. आणि सापडण्याची भीती जवळजवळ नव्हतीच. मी धोका पत्करला नव्हता, तो मी माझ्या पेशाकडून वसूल केला होता. शिक्षकाला मिळणारा मान हा एक प्रकारचा उधार माल आहे. माझ्या आधीच्या कित्येकांनी तो मिळवला, मी नुसता वापरतो. आणि त्या दिवशी तो मी दोन बाटल्यांवर पांघरूण म्हणून वापरला.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचे प्रकरण आहे. नगराच्या महाद्वाराजवळ शुल्कशाला असावी, तिच्यावर ध्वज असावा, आणि येणाऱ्या व्यापाऱ्यांची नोंद चारपाच जणांनी करावी : कोण, कुठले, माल किती, मुद्रा कुठे उमटवली. दोन हजार वर्षे झाली, प्रश्न तेच आहेत. पण त्याच प्रकरणात असेही आहे की लग्नासाठी, यज्ञासाठी, देवपूजेसाठी, मुंजीसाठी नेलेल्या वस्तूंना शुल्क नाही. आणि तसे खोटेच सांगून जो माल नेईल त्याला चोराची शिक्षा. म्हणजे साध्या चुकवेगिरीहून ही जात निराळी धरली आहे. का, ते पूर्वी मला कळत नव्हते. देवाचे नाव सांगणाऱ्याला जो माणूस न तपासता सोडतो तो मूर्ख नसतो. समाजात काही गोष्टी न उघडता पुढे जाऊ द्याव्यात असा एक अलिखित करार असतो, त्यावर तो चालतो. खोटे नाव सांगणारा शुल्क तर बुडवतोच, शिवाय तो करारही खर्चून टाकतो. पुढच्या वेळी द्वारपाल पूजेचे तबकसुद्धा उपडे करून पाहील.

आता माझ्या विरुद्ध बाजूने बोलतो, कारण वाचक मनात ते म्हणत असेल. मी खरे सांगितले असते तर त्या पोरांची झडती टळली असती काय? नसती. रंगवलेल्या केसांना नाक्यावर जो संशय भोगावा लागतो त्याला मी जबाबदार नाही. फेणी काही विष नव्हे; गोव्यात ती उघड विकतात, २००९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. दोन बाटल्यांनी राज्याच्या तिजोरीला काही झाले नाही. हे सगळे मला मान्य आहे. पण त्या माणसाने गवसणीवर हात ठेवून तो कपाळाला लावला, तेव्हा त्याच्या हाताखाली तंबोरा होता की बाटली? मी तो प्रसंग पुष्कळदा आठवून पाहिला. हात दांडीच्या खालच्या टोकाशी होता. म्हणजे बाटलीवरच असावा.

माझा एक जुना विद्यार्थी टोरांटोजवळ राहतो. तो आणि त्याची मंडळी गाण्याच्या बैठकीसाठी मोटारीने नायगाराचा पूल ओलांडून अमेरिकेत जातात. त्याला मी फोनवर हे सगळे सांगितले. तो म्हणाला, “सर, इकडं सोपं आहे. डब्यात खायचं काही असेल तर आधीच सांगायचं. चालत नसलं तर काढून घेतात, पण सांगितलं म्हणून दंड नाही. दंड न सांगितल्याचा.” मला हे फार आवडले. तिथे गुन्हा लाडवाचा नाही, गप्प बसण्याचा आहे. आपल्या विमानतळांवरही हिरव्या पाटीखालून चालत जाणे म्हणजे ‘माझ्याकडे सांगण्याजोगे काही नाही’ असे बोलणेच धरतात. तोंड उघडण्याची गरज नाही, पाऊल उचलले की झाले. मग मी विद्यार्थ्याला विचारले, “आणि तिथं कुणी तबल्याची पिशवी बघून असंच सोडतं का?” तो हसला. “छे! तबला आत काय म्हणून हलवून बघतात.” तो अपमान की सन्मान, हे आम्हां दोघांनाही ठरवता आले नाही. मात्र तिथे मास्तर आणि रंगीत केस एका रांगेत आहेत, असे त्याचे म्हणणे. ते कितपत खरे, त्याच्याच कातडीला ठाऊक.

सुरळीत पार होण्याच्या युक्त्या सगळ्यांना माहीत असतात. कागद हाताशी ठेवावेत, विचारले तेवढेच सांगावे, थट्टा करू नये, गाडीतले गाणे बंद करावे, नजर चुकवू नये. प्रामाणिक माणसाला हेच सांगतात आणि चोरट्यालाही हेच. म्हणून नाका सुरळीत पार झाला यावरून आपल्याविषयी काहीच कळत नाही. पूर्वी मला वाटे, झडती न होणे म्हणजे आपल्या चारित्र्याची पावती. आता कुणी न तपासता सोडले की मी आधी मागच्या गाडीकडे पाहतो.

दुसरी बाटली मित्राने गावी आल्यावर मला आणून दिली. “तुमचा वाटा, मास्तर,” म्हणाला. मी पीत नाही, हे त्याला ठाऊक आहे. परत करावी तर त्याला दोष दिल्यासारखे, ओतून टाकावी तर नाटक. म्हणून पुस्तकांच्या कपाटात मागे ठेवली आहे. बायकोने एकदा विचारले तेव्हा मी म्हणालो, गुडघ्याला चोळायचे औषध आहे. हेही खरेच.

यंदाही गोव्याला जायचे घाटते आहे. परवा मित्राचा फोन आला. गाडी कुणाची, मुक्काम कुठे, हे ठरले. मग तो म्हणाला, “तंबोरा घेतो बरोबर. जवारी चांगली आहे, काम काही नाही; पण असलेला बरा असतो रस्त्यानं.”

मी म्हणालो, “घे. गवसणी मात्र घरी ठेव.”

पलीकडून जरा वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, “उघड्यावर धूळ बसेल की, मास्तर.”

“पुसू,” मी म्हणालो.

त्याला आता चार दिवस झाले. त्याचा फोन अजून आलेला नाही.